बिऱ्हाड हलले, शाळा कोणती?

पवना नदीच्या एका अंगाला पिंपरी, दुसऱ्या अंगाला काळेवाडी. सकाळी पाहावे तर काळेवाडीच्या रस्त्यावर माणसांची रीघ लागलेली असते. कोणी कंपनीच्या गाडीची वाट पाहत उभा असतो. कोणी डबा घेऊन पायीच निघतो. त्यांच्यातून वाट काढत दप्तरवाली पोरे चालतात.

पूर्वी या भागात शेती होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. लोक त्याला एमआयडीसी म्हणतात. मग चिंचवड, आकुर्डी, भोसरी असे करीत कारखाने वाढत गेले. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. पुढे चाकणला मोटारींचे कारखाने आले. १९९१ च्या शिरगणतीत या शहरात सव्वापाच लाखांच्या आत माणूस होता. २०११ च्या शिरगणतीत तो सव्वासतरा लाखांवर गेला. मधल्या काळात आजूबाजूची खेडी शहरात घेतली, हेही खरे. पण बाहेरून आलेला माणूसही फार. लातूरचा आला, धाराशिवचा आला, बीडचा, सोलापूरचा, जळगावचा, बुलढाण्याचा आला. उत्तरेकडूनही आला.

माणूस कामासाठी येतो. तो आधी काम बघतो. मग खोली बघतो. मग नळाला पाणी किती वेळ असते ते विचारतो. गावाकडून भांडी येतात, गाद्या येतात, गॅसची टाकी येते. लेकरांच्या शाळेचा विचार सगळ्यांच्या मागून येतो.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत काढली. त्यांतली काही मुख्याध्यापक म्हणून काढली. ऑगस्ट उजाडला की एखादा बाप पोराचा हात धरून शाळेच्या दारात उभा राही. "गुरुजी, मे महिन्यातच आलो होतो. राहूनच गेलं बघा." तोवर पोराचे दोन महिने गेलेले असत. एखादे वर्षी असेही होई, की धाकटा भाऊ शाळेत येई आणि थोरली बहीण येतच नसे. तिचे काय झाले, असे विचारले की आई खाली बघे.

म्हणून हा पाठ लिहिला आहे. बिऱ्हाड हलवायच्या आधी कोणते कागद घ्यावेत, नव्या ठिकाणी शाळा कशी पाहावी, कोणाच्या बोलण्यावर जाऊ नये, ते आपण पाहू.

समजा, औसा तालुक्यातल्या एका गावाहून एक कुटुंब काळेवाडीला यायचे आहे. नवऱ्याला चाकणच्या बाजूला एका कारखान्यात ठेकेदाराकडे काम मिळाले आहे. त्यांना तीन लेकरे. थोरली मुलगी सातवी पास झाली, आता आठवीत जाणार. मधला मुलगा तिसरी पास झाला, चौथीत जाणार. धाकटी चार वर्षांची. नवऱ्याचा धाकटा भाऊ आधीपासून काळेवाडीत राहतो. तो फोनवर सांगतो:

"वहिनी, लेकरांची काळजीच करू नका. इथं घराजवळ एक इंटरनॅशनल शाळा निघाली आहे. पोरांना टाय आहे, बूट आहेत. इंग्रजी फाडफाड बोलतात."

"भाऊजी, फी किती?"

"ते बघू की. हप्त्यानं भरता येते."

आता या आईने काय करावे? तिने फोन खाली ठेवावा आणि आधी गावच्या शाळेत जावे.

गावच्या शाळेत दोन कामे आहेत. पहिले काम दाखल्याचे. शाळा सोडल्याचा दाखला प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. तो मागितला की मुख्याध्यापकाने लगेच द्यावा, असा कायदा आहे. हा कायदा २००९ सालचा. त्याला शिक्षणहक्क कायदा म्हणतात. तो १ एप्रिल २०१० पासून चालू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यात सांगितले आहे.

दाखला हातात आला की घडी घालून पिशवीत टाकू नका. तिथेच उभे राहून वाचा. तुम्हाला आता वाचता येते. मुलाचे नाव वाचा. बापाचे नाव, आईचे नाव वाचा. आडनाव वाचा. जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरात अशी दोन्हीकडे लिहिलेली असते, ती ताडून पाहा. जात लिहिलेली असते, ती पाहा. एक वेलांटी चुकली तरी सांगा, "गुरुजी, एवढं दुरुस्त करून द्या." पुढे जातीचा दाखला काढताना, नोकरीला लागताना हाच कागद पुढे येतो. मूल त्या शाळेत असते तोवर दुरुस्ती सोपी असते. शाळा सुटली, मूल मोठे झाले, की तीच दुरुस्ती करायला खेटे घालावे लागतात. कागद बरोबर असला म्हणजे त्याच्या चार झेरॉक्स प्रती काढा. मूळ कागद प्रवासात आईच्या पिशवीत असावा, टेम्पोतल्या पेटीत नको.

दुसरे काम सोपे आहे. मुलाच्या वह्या आणि निकालपत्रक बरोबर घ्या. लोक वह्या रद्दीत घालतात. नव्या गुरुजींना मुलाची वही पाहिली की पाच मिनिटांत कळते, याला काय येते आणि काय येत नाही. निकालावरचा शेरा एवढे सांगत नाही.

दाखला वेळेवर मिळालाच नाही तर? मुकादमाने रात्रीत गाडी पाठवली, शाळेला सुट्टी होती, असे होते. अशा वेळी मुलाला घरी बसवू नका. सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेला दाखला उशिरा येतो म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा दाखला नाही म्हणूनही कोणत्याच शाळेला मूल परत पाठवता येत नाही. दवाखान्यातली नोंद चालते, अंगणवाडीतली नोंद चालते, आईबापांनी लिहून दिलेलेही चालते. आधार कार्ड नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ साली सांगितले आहे. जून सरला, आता जागा नाही, असे कोणी म्हणाले तरी घाबरू नका. वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो.

ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणारी कुटुंबे तर दर वर्षीच हलतात. त्यांच्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्रक असते. गावचे गुरुजी ते भरून देतात. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवायचे, म्हणजे मूल तिथे बसू शकते आणि परत आल्यावर आपल्या शाळेतही बसते.

तर आपले कुटुंब काळेवाडीत आले. खोली मिळाली. आता शाळा पाहायची.

जपानात अशा वेळी आईबापांना हिंडावे लागत नाही. नव्या गावच्या कचेरीत जाऊन पत्ता नोंदवला, की जवळची सरकारी शाळा नेमून मिळते. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे एकाच रस्त्यावर चार पाट्या दिसतात, आणि प्रत्येक पाटीवर हसऱ्या मुलांचे चित्र असते. महापालिकेच्या शाळा आहेत. त्यांत मराठी माध्यमाच्या आहेत, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्याही आहेत. संस्थांच्या अनुदानित शाळा आहेत. तिथे शिक्षकांचा पगार सरकार देते. आणि खाजगी विनाअनुदानित शाळा आहेत, त्या फीवर चालतात.

पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहायला फारसे काही लागत नाही, रंगारी लागतो. काही पाट्यांवर 'सीबीएसई पॅटर्न' असे असते. सीबीएसई म्हणजे दिल्लीचे मंडळ. त्या मंडळाने शाळेला जोडून घेतले असेल तर शाळेला जोडणीचा क्रमांक मिळतो. 'पॅटर्न' म्हणजे नुसती तशी पुस्तके वापरतात, एवढाच अर्थ होऊ शकतो. म्हणून तिथे गेल्यावर सरळ विचारावे:

"मॅडम, शाळेला मान्यता आहे का? कितवीपर्यंत आहे? युडायस नंबर काय?"

युडायस म्हणजे शाळेचा अकरा आकडी सरकारी क्रमांक. मान्यता असलेल्या शाळेला तो सांगायला अडचण नसते. मान्यता नसताना शाळा चालवणे हा गुन्हा आहे. त्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तरीही चालू ठेवली तर दर दिवसाला दहा हजार. पिंपरी-चिंचवड महापालिकेचा शिक्षण विभाग अशा अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो. ती वर्तमानपत्रात येते. वाचा, किंवा शेजारच्या पोराला मोबाईलवर काढायला सांगा. अशा शाळेत मूल घातले तर फी जाते ती जातेच. शाळा बंद पडली, की मुलाला दुसरीकडे नेताना नोंदीचा घोळ होतो. दंड शाळेला बसतो, पण धावाधाव आईबापांची होते.

'कितवीपर्यंत' हा प्रश्न तर विसरूच नका. आपल्या कुटुंबातल्या थोरल्या मुलीचे पाहा. ती आठवीत जाणार. जवळची एखादी शाळा सातवीपर्यंतच असते. मग लोक काय म्हणतात? "पोरीची शाळा लांब आहे. मधे मोठा रस्ता आहे. राहू दे आता, पुढच्या वर्षी बघू." पुढचे वर्ष येत नाही. धाकटीला सांभाळायला कोणीतरी हवेच असते. आईलाही चार घरची धुणीभांडी मिळालेली असतात. पोरगी घरात राहते. कोणी तिला शाळेतून काढलेले नसते. तिचे नाव नव्या शाळेत घातलेलेच नसते, एवढेच.

हे आम्ही फार पाहिले आहे. बिऱ्हाड हलते तेव्हा सगळ्यांत आधी गळते ती सातवी-आठवीची मुलगी. म्हणून आमचे म्हणणे असे की, शाळा शोधायला निघाल तेव्हा आधी थोरल्या मुलीची शोधा. दहावीपर्यंतची शाळा पाहा. ती मिळाली की धाकट्यांची त्याच वाटेवर पाहा. बहुतेक लोक उलटे करतात. मुलासाठी चांगली शाळा हुडकतात आणि मुलीला उरलेल्यात बसवतात.

धाकटी चार वर्षांची आहे, तिला अंगणवाडीत किंवा बालवाडीत घाला. तिथे तिला खाऊ मिळेल, गाणी शिकेल. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की तिला सांभाळण्यासाठी थोरलीला घरी बसावे लागणार नाही.

आता रस्त्याचे बोलू. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. शहरात अंतर कमी असते, पण मधे काय आहे ते पाहावे लागते. काळेवाडीतून बीआरटीचा रुंद रस्ता जातो. त्यावर बस वेगळ्या पट्ट्यातून जोरात येते. गावाकडच्या मुलाला एका बाजूला बघून धावायची सवय असते. इथे ती सवय घातकी. म्हणून शाळा ठरवण्याआधी आईने किंवा बापाने शाळेच्या वेळेला, मुलाचा हात धरून, तो रस्ता एकदा चालून पाहावा. रविवारी दुपारी चालून काही कळत नाही. सकाळी पाळी बदलते, कंपन्यांच्या गाड्या धावतात, तेव्हा चालावे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की पवना फुगते. नदीकाठच्या सखल भागात राहत असाल तर शाळेची वाट पाण्याखाली जाते का, तेही शेजाऱ्यांना विचारावे.

व्हॅन लावायची तर व्हॅन आधी पाहा. शाळेच्या गाडीसाठी राज्याचे २०११ सालचे नियम आहेत. गाडीत मदतनीस हवा. मुली असतील तर बाई मदतनीस हवी. सहा आसनांच्या गाडीत चौदा दप्तरे दिसली तर तुमचे पोर पंधरावे आहे, हे ध्यानात घ्या.

आणि वेळ. शहरातल्या पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात, एक सकाळी, एक दुपारी. बापाची कंपनीत पाळी. आईचे काम सकाळचे. थोरलीची शाळा दुपारची आणि मधल्याची सकाळची, असे झाले तर दुपारी बारा वाजता त्या नऊ वर्षांच्या पोराला दार कोण उघडणार? हे कागदावर मांडून पाहा. आठवड्याचे सात दिवस आडवे लिहा, घरातल्या माणसांची नावे उभी लिहा. कोण किती वाजता घरात आहे ते भरा. नुकतेच लिहायला शिकलेल्या माणसाला असा तक्ता करायला मजाही येते.

आता माध्यम. या बाबतीत भांडणे फार होतात, नवराबायकोतसुद्धा. आम्ही इंग्रजीच्या विरुद्ध नाही. इंग्रजी यावे, चांगले यावे. पण आपला मधला मुलगा पाहा. तिसरीपर्यंत तो मराठीत शिकला. त्याला मराठीत गुणाकार येतो, गोष्ट वाचता येते. त्याला एकदम इंग्रजी माध्यमाच्या चौथीत बसवले तर पहिल्या दिवशी त्याला काय कळेल? बाई म्हणतील ते कळणार नाही. काय विचारतात ते कळणार नाही. येत असलेला गुणाकारही तो सांगू शकणार नाही. मग शाळा म्हणते, "याचा पाया कच्चा आहे, याला पहिलीत बसवा." नऊ वर्षांचे पोर सहा वर्षांच्या पोरांत बसते. त्याची मान खाली जाते. कायदा तर असा आहे, की मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे आणि मागे पडले असेल तर त्याला वेगळे शिकवून बरोबरीला आणावे. बाप मात्र म्हणतो, "दोन वर्षं गेली तर गेली, इंग्रजी तर येईल." आम्हाला हे पटत नाही. दोन वर्षे मुलाची जातात, बापाची नाही.

पहिलीत जाणाऱ्या मुलाची गोष्ट जरा निराळी. तो सगळेच नव्याने शिकणार. तरीही २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे, असेच सुचवले आहे. आणि मधला एक मार्ग आपल्या राज्यात आहे. त्याला सेमी-इंग्रजी म्हणतात. शाळा मराठीच असते, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवतात. मराठी शाळेत चौकशी करा, तुमच्याकडे सेमी आहे का आणि कोणत्या इयत्तेपासून आहे. इंग्रजी शाळेत घातले तरी मराठी सुटत नाही. २०२० सालच्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत, मंडळ कोणतेही असो, पहिली ते दहावी मराठी शिकवलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती तुमच्यासाठीच आहे. तुम्ही आत्ता-आत्ता वाचायला शिकला आहात. संध्याकाळी मूल वही उघडते तेव्हा शेजारी बसून तुम्ही ती वाचू शकला, तर मुलाला केवढा आधार वाटतो! आई बोट ठेवून वाचते, अडखळते, मूल तिला सांगते, दोघे पुढे जातात. वही मराठी असेल तर हे आजपासून होईल. वही सगळी इंग्रजी असेल तर शिकवणी लावावी लागेल, आणि तिचे पैसे वेगळे. शाळा निवडताना आईबापांना काय वाचता येते, हेही मोजावे. लोक ते मोजत नाहीत, लाजतात.

पैशाचा हिशेब आता करू. समजा, फी महिना दोन हजार रुपये सांगितली. वर्षाचे चोवीस हजार. प्रवेशाच्या वेळी तीन हजार. व्हॅन महिना नऊशे, दहा महिन्यांचे नऊ हजार. पुस्तके, गणवेश, बूट, मिळून सहा हजार. शिकवणी महिना पाचशे, म्हणजे दहा महिन्यांचे पाच हजार. बेरीज सत्तेचाळीस हजार. हे एका मुलाचे. आता घरात महिन्याला किती येतात ते लिहा. त्यातून भाडे वजा करा, किराणा वजा करा, गावाकडे आईवडिलांना पाठवता ते वजा करा. उरले किती? बरे, काम ठेकेदाराकडचे. सहा महिन्यांनी ठेका संपला तर फी कोण भरणार? फी थांबते, शाळा दाखला अडवून ठेवते, मूल वर्षाच्या मध्येच घरी येते. असे होऊ नये म्हणून काम बेभरवशाचे असेल तोवर, फी न लागणाऱ्या शाळेत घालणे शहाणपणाचे, असे आमचे मत आहे. महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात, दुपारचे जेवणही मिळते. लोक म्हणतात, फुकटचे ते हलके. गुरुजी कसे आहेत ते न बघताच म्हणतात.

एक सवलत पुष्कळांना ठाऊक नसते. खाजगी विनाअनुदानित शाळेत प्रवेशाच्या पहिल्या वर्गातल्या शंभरांपैकी पंचवीस जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवाव्या लागतात. या मुलांची फी सरकार भरते. आर्थिक दुर्बल म्हणून अर्ज करायचा तर आपल्या राज्यात कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत लागते. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागास, अपंग मुले यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज संगणकावर भरायचा, मग सोडत निघते. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने यातून पुष्कळ खाजगी शाळा वगळल्या होत्या. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही सवलत प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला आहे. आपल्या मधल्या मुलाला चौथीत ती मिळणार नाही, धाकटीला मिळू शकेल. आणि भाड्याने राहणाऱ्याला पत्त्यासाठी नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. घरमालक म्हणतो, "कशाला कागद करता? विश्वास नाही का?" त्याला नम्रपणे सांगा, "दादा, विश्वास आहे, पण लेकराच्या शाळेला लागतो." अर्ज निघायच्या आधीच करार करून ठेवा.

आता शाळेत जाऊन काय पाहावे? आईने आणि बापाने दोघांनीही जावे. मुलालाही न्यावे. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर खुर्ची असते. गरीब माणूस तिच्यावर बसत नाही, उभाच राहतो. बसावे. खुर्ची तुमच्यासाठीच ठेवलेली असते.

वर्ग पाहू द्या, असे म्हणावे. वर्गात किती मुले आहेत? पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असा नियम आहे. मुलींचे स्वच्छतागृह वेगळे आहे का, आणि त्याला पाणी आहे का? कुलूप लावलेले स्वच्छतागृह असून नसल्यासारखे. मुलगी त्यापायी दिवसभर पाणी पीत नाही आणि पुढे शाळाच टाळते. पिण्याचे पाणी पाहा. कोपऱ्यात छडी दिसते का पाहा. मुलाला मारणे किंवा अपमान करणे कायद्याने बंद आहे. भिंतीवरचे तक्ते पाहू नका, ते पाहुण्यांसाठी असतात. मुलांच्या वह्या पाहा. गुरुजींनी तपासलेल्या आहेत का? चुकीवर नुसती फुली आहे, की बरोबर काय ते लिहून दिले आहे? आम्ही कोणत्याही शाळेत गेलो तर आधी मागच्या बाकावरची वही उचलतो.

मग शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभे राहावे. आणायला आलेल्या बायकांना विचारावे. "ताई, तुमचं लेकरू कितवीत आहे? बाई रोज येतात का? जेवण बरं असतं का?" त्या खरे सांगतील.

प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणे, आईबापांची मुलाखत घेणे कायद्याला धरून नाही. देणगी मागणेही नाही. कोणी मागितली तर म्हणावे, "पावती द्या, आणि कशाचे पैसे ते पावतीवर लिहा." तरी ऐकले नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. तोंडी तक्रार हवेत जाते.

नाव घातले म्हणजे झाले, असे नाही. पहिला महिना अवघड जातो. औशाचे पोर "मला येऊलालंय" म्हणते आणि वर्गातली पोरे हसतात. पोर गप्प होते. घरी येऊन म्हणते, पोट दुखते. त्या पोटाला औषध देऊ नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंना सांगा, "बाई, आम्ही नवीन आहोत. याला जरा पुढं बसवा, एखादा जोडीदार द्या." चांगली बाई तेवढ्यावरून सगळे ओळखते.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारांपैकी तीन माणसे पालक असावी लागतात आणि निम्म्या बायका. सभेला जा. पहिल्या सभेत नुसते बसून ऐका. दुसऱ्या सभेला एक प्रश्न कागदावर लिहून न्या. गावाकडून आलेली बाई सभेत बोलत नाही, तिला वाटते आपण इथल्या नाही. ज्या दिवशी लेकराचे नाव हजेरीत लागले, त्या दिवसापासून ती शाळा तिचीही झाली.

आपल्या कुटुंबातल्या आईने शेवटी काय केले असते? तिने दिराला फोन केला असता:

"भाऊजी, तुमची ती टायवाली शाळा पाहिली. मान्यतेचा कागद मागितला, तर उद्या या म्हणाले. उद्या गेले, तर परवा या म्हणाले."

"मग काय ठरवलंत, वहिनी?"

"थोरलीला दहावीपर्यंतची शाळा मिळाली, अनुदानित. वीस मिनिटं चालायचं, मधे एक सिग्नल. मधला तिच्याच वाटेवर, महापालिकेच्या शाळेत. धाकटी अंगणवाडीत. काल थोरलीच्या दाखल्यावर तिचं नाव मीच वाचून दाखवलं कारकुनाला."

"आणि इंग्रजी?"

"थोरलीला सेमी आहे. मधल्याला पाचवीपासून मिळेल, विचारून आले मी. तुम्ही रविवारी या जेवायला, आणि येताना त्याला एक पट्टी आणि कंपास आणा."